वळणागणिक वाढणारे घर्षण : सायकलच्या गिअरची तार



पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात राहू नावाचे गाव आहे. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला हा भाग 'राहू बेट' म्हणून ओळखला जातो. काळी जमीन, नदीचे पाणी आणि नजर पोचेल तिथवर ऊस, असे येथील चित्र. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळे पेटतात, उसाने भरलेल्या गाड्यांची ये-जा सुरू होते आणि रस्त्यांवर धुळीचा थर बसतो. पावसाळ्यात त्याच धुळीचा चिकट चिखल होतो.

अशा भागात गिअरची सायकल वापरणाऱ्यांना काही महिन्यांतच एक अनुभव येतो. खटका दाबला की हलका गिअर लगेच पडतो. पण उलट खटका दाबून जड गिअर टाकू पाहावे, तर साखळी जागची हलत नाही. चार-सहा पायडल मारल्यावर ती अचानक खडखडत सरकते. कधी दोन दंतचक्रांच्या मध्येच घुटमळते, आणि नेमका त्याच वेळी पायावर जोर दिला असेल, तर साखळी सटकून पाय निसटतो. मागून उसाची गाडी येत असताना असे होणे किती धोक्याचे आहे, ते सांगायला नको.

दुकानदार सायकल पाहतो आणि म्हणतो, "वायर आणि आऊटर बदलावी लागेल." नवी वायर पडताच गिअर पहिल्यासारखे पडू लागतात. पण जुनी वायर तर तुटलेली नव्हती! मग तिचे बिघडले होते काय? आणि बिघाड एकाच दिशेने का जाणवत होता? हलका गिअर ठीक, जड गिअर मात्र आळशी, असे का? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आपण ताक घुसळण्याच्या रवीपर्यंत, इंजिनाच्या पट्ट्यापर्यंत आणि शेवटी स्वतःच्या बोटांपर्यंत जाऊन पोचतो.

सळी आणि तार

जुन्या पद्धतीची काळी, उंच सायकल तुम्ही पाहिली असेल. तिच्या ब्रेकला तार नसते. मुठीखालच्या दांड्यापासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या जातात. सळी मजबूत असते, गंजली तरी काम देते. पण तिचा एक मोठा दोष आहे : ती वळत नाही. दिशा बदलायची असेल तेथे सांधा आणि बिजागरी बसवावी लागते.

सळीऐवजी नुसती तार लावली तर? तार वळते, पण ताणली की ती सरळ होऊ पाहते, कारण दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेषेचा. वळणावर ती आपला मार्ग सोडून सुटेल. यावर उपाय म्हणजे तारेला एका नळीतून न्यायचे. नळी वाकणारी हवी, पण लांबीच्या दिशेने दबणारी नको. आतली तार ओढली जाते आणि बाहेरची नळी तेवढ्याच जोराने दाबली जाते. त्यामुळे तारेचा ओढ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोणत्याही वळणाने नेता येतो.

ही युक्ती 'बाउडेन तार' या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. (रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाउडेन हे वेगळे गृहस्थ, आडनाव एकच असल्याने पुष्कळदा घोटाळा होतो.) आज ही तार सायकलच्या ब्रेकमध्ये आणि गिअरमध्ये, मोटारसायकलच्या क्लचमध्ये, अशा शेकडो ठिकाणी आहे. आपल्या दुकानांतील भाषेत आतली ती 'इनर' किंवा नुसती 'वायर' आणि बाहेरची ती 'आऊटर'.

आता अडचण पाहा. ताणलेली तार वळणावर सरळ होऊ पाहते, म्हणून ती नळीच्या आतल्या बाजूला दाबून बसते. जेथे दाब तेथे घर्षण. म्हणजे तारेला वळवण्याची सोय आपण घर्षणाची किंमत मोजून विकत घेतली आहे. ही किंमत किती?

रवी, पट्टा आणि मोट

ताक घुसळण्याची उभी रवी आठवा. तिला दोरीचे दोन-तीन वेढे दिलेले असतात. दोरी रवीला गाठ मारून बांधलेली नसते, चिकटवलेली नसते. तरीही एक हात ओढला की रवी फिरते. दोरी तिच्यावरून घसरत नाही. एकच अर्धा वेढा देऊन घुसळून पाहा. दोरी घसरेल आणि रवी जागीच राहील. वेढे वाढले की पकड वाढते.

गुऱ्हाळात चरक फिरवणारा पट्टा पाहा. इंजिनाच्या चाकाभोवती पट्टा जवळजवळ अर्धा वेढा घेतो. तेवढ्या वेढ्यातील घर्षणावर ऊस पिळणारे जड लाट फिरतात. येथे घर्षण आपले मित्र आहे.

आता उलट उदाहरण. पूर्वी विहिरीवर मोट असे. बैलांच्या जुवापासून येणारा नाडा विहिरीच्या काठावरच्या चाकावरून खाली मोटेपर्यंत जाई. तेथे नाडा साधारण काटकोनात वळतो. ते चाक फिरते असल्यामुळे नाडा त्यावर घासत नसे. चाक जाम झाले तर नाडा त्यावरून घासत जाई आणि बैलांना पाण्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढावे लागे. म्हणून त्या चाकाला वेळच्या वेळी वंगण देत.

रवी, पट्टा, मोट आणि सायकलची तार, या चारही ठिकाणी एकच गोष्ट घडते : ताणलेली दोरी गोल वस्तूभोवती वळते. आणि चारही ठिकाणी एकच नियम लागू पडतो. लिओनार्ट ऑयलर या थोर स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात या प्रश्नाचा अभ्यास केला. पुढे आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने तो पुढे नेला. म्हणून या नियमाला दोघांचे नाव दिले जाते.

घर्षणाचे चक्रवाढ व्याज

नियम समजायला अवघड नाही. व्याजाची गणिते तुम्ही केलीच आहेत. सरळव्याजात दरवर्षी मूळ मुद्दलावर तेवढेच व्याज मिळते. चक्रवाढ व्याजात मागच्या वर्षीचे व्याज मुद्दलात मिळते आणि पुढच्या वर्षी त्या व्याजावरही व्याज लागते. तारेतील घर्षण चक्रवाढ व्याजासारखे वाढते.

का ते पाहू. एका लांब वळणाचे पुष्कळ लहान लहान तुकडे झाले आहेत अशी कल्पना करा. तारेच्या पलीकडच्या टोकाला १० एकक ताण हवा आहे. पहिल्या तुकड्यात या ताणामुळे तार नळीवर दाबली जाते आणि त्या दाबाच्या प्रमाणात घर्षण होते. ते घर्षण ओलांडायचे, तर पहिल्या तुकड्याच्या अलीकडे ताण थोडा जास्त ठेवावा लागतो. आता दुसऱ्या तुकड्यात तार या वाढलेल्या ताणाने दाबली जाते. साहजिकच तेथे घर्षणही जास्त. तिसऱ्या तुकड्यात आणखी जास्त. प्रत्येक तुकड्यात ताण ठरावीक एककांनी वाढत नाही, तर ठरावीक पटीने वाढतो.

ही पट दोनच गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती खरखरीतपणे घासतात ते सांगणारी संख्या. हा जणू व्याजाचा दर. दुसरी गोष्ट म्हणजे तार एकूण किती अंशांतून वळली. ही जणू मुदत.

पलीकडे १० एकक ताण मिळावा म्हणून अलीकडे किती ताण लागेल, ते पुढे दिले आहे.

घर्षणांक ०.०५ असेल तर : ९० अंशांना १०.८, १८० अंशांना ११.७, २७० अंशांना १२.७, ३६० अंशांना १३.७.

घर्षणांक ०.१० असेल तर : ९० अंशांना ११.७, १८० अंशांना १३.७, २७० अंशांना १६.०, ३६० अंशांना १८.७.

घर्षणांक ०.२० असेल तर : ९० अंशांना १३.७, १८० अंशांना १८.७, २७० अंशांना २५.७, ३६० अंशांना ३५.१.

हे आकडे नीट पाहा. घर्षणांक निम्मा केला काय आणि वळणे निम्मी केली काय, फळ एकच. ०.२० घर्षणांक आणि ९० अंश, ०.१० आणि १८० अंश, ०.०५ आणि ३६० अंश : तिन्ही ठिकाणी उत्तर १३.७ येते.

आणखी एक गंमत आहे. या नियमात तारेची लांबी कोठेच नाही. वळण किती मोठ्या वर्तुळाचे, हेही नाही. मोठ्या वळणात दाब जास्त लांबीवर पसरतो, लहान वळणात तोच दाब थोड्या जागी एकवटतो, बेरीज तेवढीच. सरळ नळीतून तार दहा मीटर नेली तरी नियमाप्रमाणे घर्षण नाही, आणि वीतभर नळीत तिला दोन गिरक्या दिल्या तर मात्र पुष्कळ. प्रत्यक्षात फार लहान वळण वाईटच असते, कारण तार स्वतः ताठ असते, तिला वाकवायलाही जोर लागतो आणि एकाच जागी घासून नळी लवकर झिजते. पण मुख्य हिशेब अंशांचा.

सायकलवर हे अंश कसे भरतात ते मोजा. मुठीपासून निघालेली तार सांगाड्याकडे वळते, पायडलच्या दांड्याखालून वळसा घेते आणि मागच्या चाकापाशी गोल कमान करून साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे डिरेलरमध्ये शिरते. सगळी वळणे मिळून २७० अंश सहज होतात.

करून पहा

साहित्य : लाटणे, गुळगुळीत सुती दोरी, एक किलो वजनाची पिशवी, प्लास्टिकचा मग, पाणी, पाणी मोजायचे भांडे.

दोन खुर्च्यांच्या पाठींवर लाटणे आडवे ठेवून ते फिरणार नाही असे घट्ट बांधा. खाली उशी ठेवा आणि पाय दूर ठेवा, म्हणजे पिशवी पडली तरी इजा होणार नाही. दोरी लाटण्यावरून टाका. एका टोकाला पिशवी आणि दुसऱ्या टोकाला मग बांधा. हा अर्धा वेढा झाला. पिशवी हाताने धरून मगात पाणी भरा आणि हात हळूच सोडून पाहा. कमीत कमी किती पाणी असताना पिशवी खाली न घसरता तशीच राहते, ते लिहून ठेवा. मगाचे वजनही त्यात मिळवा.

आता दोरीचा आणखी एक पूर्ण वेढा द्या, म्हणजे एकूण दीड वेढा. पुन्हा तोच प्रयोग करा. मग अडीच वेढ्यांनी करा.

समजा, अर्ध्या वेढ्याला ५०० ग्रॅम लागले. म्हणजे अर्ध्या वेढ्याने भार निम्म्यावर आणला. दीड वेढा म्हणजे तीन अर्धे वेढे. तेव्हा निम्म्याचे निम्मे आणि त्याचेही निम्मे, म्हणजे १२५ ग्रॅम पुरायला हवेत. अडीच वेढ्यांना फक्त ३१ ग्रॅम. तुमच्या दोरीचे आणि लाटण्याचे आकडे वेगळे येतील, पण ते याच रीतीने पटीने उतरतात का, ते तपासा. वजाबाकीने उतरत नाहीत, हे तुम्हांला लगेच दिसेल.

दुसरा प्रयोग : लाटण्याऐवजी एकदा स्टीलचा पेला आणि एकदा स्टीलचा मोठा डबा आडवा बांधा. दोन्ही तितकेच गुळगुळीत असू द्या. वेढा तेवढाच ठेवला तर लागणारे पाणी जवळपास तेवढेच येते का, ते पाहा.

गिअर एकाच दिशेने का अडतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रेकच्या तारेत घर्षण वाढले तर आपण मूठ अधिक जोराने आवळतो. गिअरच्या तारेचे तसे नाही. खटका दाबून आपण तार ओढतो, तेव्हा डिरेलर साखळीला मोठ्या दंतचक्रावर, म्हणजे हलक्या गिअरवर चढवतो. हे काम हाताच्या जोराने होते. घर्षण असले तरी अंगठा जरा जास्त दाबला की भागते. उलट खटका दाबला की मुठीपाशी तार फक्त सैल सुटते. तिला मागे ओढून नेण्याचे काम डिरेलरमधली लहानशी स्प्रिंग करते. स्प्रिंगचा जोर ठरलेला. तिला 'जरा जास्त ओढ' असे सांगता येत नाही.

समजा, स्प्रिंगचा ओढ १० एकक आहे, घर्षणांक ०.१० आणि वळणे २७० अंश. तार ओढताना मुठीपाशी १६ एकक लागतात. तार सोडताना घर्षण उलट दिशेने काम करते. स्प्रिंगच्या १० एककांपैकी मुठीपर्यंत फक्त ६ एकक पोचतात. घर्षणांक ०.२० झाला तर हेच आकडे जवळजवळ २६ आणि ४ होतात. तार आणि नळी थोडी तरी ताणली-दबली जातेच. २६ एकक ताणाला ती जेवढी ताणली जाते, तेवढी ४ एककांना नाही. त्यामुळे खटका एकाच घरात असला, तरी खालून येताना डिरेलर एका जागी थांबतो आणि वरून येताना दुसऱ्या जागी.

यात मळ आणि गंज यांची भर पडते. वाळलेला चिखल, धूळ आणि जुने घट्ट झालेले ग्रीस यांचा अडथळा तार सैल असली तरी कायम राहतो. त्याला ओलांडण्यातच स्प्रिंगचा जोर संपतो आणि साखळी जागची हलत नाही. म्हणून हे लक्षात ठेवा : हलका गिअर नीट पडत असेल आणि जड गिअर आळशीपणे पडत असेल, तर आधी तारेतील घर्षण तपासावे. डिरेलरचे स्क्रू पिळत बसू नये.

जुन्या गिअरच्या सायकलींना खटके नसत. दांडा हळूहळू सरकवून, साखळीचा आवाज ऐकून स्वार तिला जागेवर आणी. तारेतील चूक कानाने आणि हाताने सुधारली जाई. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने आपल्या शर्यतीच्या सायकलींसाठी खटक्याचे गिअर आणले. एक खटका म्हणजे एक गिअर. सुधारण्याचे काम हाताकडून काढून तारेवर सोपवले. या कंपनीच्या आठ दंतचक्रांच्या संचात एका खटक्याला तार सुमारे २.८ मिलिमीटर सरकते आणि डिरेलर तिच्या १.७ पट, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर सरकतो. दोन दंतचक्रांमधले अंतर तेवढेच असते. तार एकच मिलिमीटर मागे राहिली, तर चूक एक-तृतीयांश गिअरएवढी होते. दंतचक्रांची संख्या वाढत गेली तशी त्यांच्यातली अंतरे आणखी कमी झाली आणि तारेतले घर्षण घटवणे भागच पडले.

सिलिंडरमधला पांढरा भुगा

घर्षणांक कमी करण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेला पदार्थ अचानक हाती लागला. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांत वापरायच्या वायूंवर काम करत होते. त्यांनी टेट्राफ्लुओरोएथिलीन वायू भरलेल्या एका सिलिंडरची झडप उघडली. वायू आला नाही. सिलिंडर रिकामा म्हणावा, तर त्याचे वजन भरलेल्याएवढे होते. दुसऱ्या कोणी तो बाजूला टाकला असता. प्लंकेट यांनी तो कापून पाहिला. आत पांढरा, मेणचट भुगा होता. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. हेच पुढे टेफ्लॉन या नावाने प्रसिद्ध झाले.

टेफ्लॉनच्या रेणूत मध्ये कार्बनचे अणू असतात आणि त्यांच्याभोवती फ्लुओरीनच्या अणूंचे दाट आवरण असते. ते कार्बनला इतके घट्ट धरून असतात, की दुसऱ्या पदार्थाशी जवळीक करत नाहीत. म्हणून त्याला काही चिकटत नाही. मराठी घरांत हा पदार्थ स्वयंपाकघरातून आला : औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या 'निर्लेप' तव्यावरचा थर याच जातीचा. ज्या गुणामुळे धिरडे तव्याला चिकटत नाही, त्याच गुणामुळे पोलादी तार त्यावरून सहज घसरते. पोलाद आणि टेफ्लॉन यांचा घर्षणांक ०.०५ च्या आसपास असतो.

आजच्या चांगल्या आऊटरचा तुकडा कापून पाहिला तर तीन थर दिसतात. सर्वांत बाहेर पाणी अडवणारे प्लास्टिक, मध्ये पोलाद आणि सर्वांत आत टेफ्लॉनचे किंवा तशाच गुळगुळीत प्लास्टिकचे पातळ अस्तर. आतली वायर गंज न चढणाऱ्या पोलादाची, घासून गुळगुळीत केलेली. काही महागड्या वायरींवरही टेफ्लॉनचा थर देतात.

मधल्या पोलादात एक महत्त्वाचा भेद आहे. ब्रेकच्या आऊटरमध्ये पोलादी पट्टीचे स्प्रिंगसारखे वेटोळे असते. ते वाकवले की वळणाच्या बाहेरच्या बाजूचे वेढे फाकतात आणि नळीची लांबी किंचित वाढते. ब्रेकला याने बिघडत नाही. पण खटक्याच्या गिअरला हा फरकही चालत नाही. नुसते हँडल वळवले तरी साखळी कुरकुरू लागेल. म्हणून गिअरच्या आऊटरमध्ये लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक तारांचा जुडगा घालतात. त्याची लांबी वाकवल्याने फारशी बदलत नाही.

येथे एक धोक्याची सूचना. गिअरचे आऊटर ब्रेकला कधीही लावू नये. ब्रेकचा ताण गिअरच्या कितीतरी पट असतो. जोरात ब्रेक दाबताच बारीक तारांचा जुडगा फुटून बाहेर येऊ शकतो आणि ऐन गरजेच्या क्षणी ब्रेक जातो. सहसा गिअरचे आऊटर ४ मिलिमीटर जाडीचे आणि ब्रेकचे ५ मिलिमीटर जाडीचे असते. कापलेल्या टोकाकडे पाहिले तरी फरक ओळखता येतो.

चेतकची युक्ती

स्प्रिंगच जर कमकुवत दुवा असेल, तर ती काढूनच टाकली तर? पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज कंपनीने १९७२ सालापासून तयार केलेली चेतक स्कूटर आठवा. तिचे गिअर डाव्या मुठीने पिळून बदलत. मुठीपासून गिअरपेटीपर्यंत एक नव्हे, दोन तारा जात. मूठ एकीकडे पिळली की एक तार ओढली जाई, दुसरीकडे पिळली की दुसरी. दोन्ही दिशांना हाताचाच जोर. स्प्रिंगवर भिस्त नाही. घर्षण कमी झाले नाही, पण त्याने होणारी अडवणूक टळली. मोबदल्यात तार, नळी आणि त्यांचा ताण जुळवण्याचे काम दुप्पट झाले.

पुढे शर्यतीच्या सायकलींत तारेऐवजी विजेने चालणारे गिअर आले. त्यात मुठीपासून फक्त संदेश जातो आणि डिरेलरमधली छोटी मोटर साखळी सरकवते. वीज वळणावर घासत नाही! पण त्याला बॅटरी लागते, आणि किंमतही पुष्कळ असते. गावच्या दुकानात दुरुस्त होणारी तार अजून दीर्घकाळ टिकेल.

आपल्या हातातील तारा

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे दाबा. हालचाल बोटांत होते, पण स्नायू कोपराजवळ फुगतो. बोटे मिटणारे मुख्य स्नायू हातात नसून पुढच्या बाहूत असतात. तेथून दोरीसारखे कंडर बोटांपर्यंत जातात. मनगटात आणि बोटांत हे कंडर आवरणांतून सरकतात आणि त्या आवरणांत निसरडा द्रव असतो. इनर, आऊटर आणि वंगण, तिन्ही आले!

कधी कधी हे आवरण अरुंद होते किंवा कंडर सुजतो. मग मिटलेले बोट उघडताना मध्येच अडते आणि एकदम 'टक्' करून सरळ होते. राहूच्या रस्त्यावर मळलेल्या तारेचा गिअर याहून वेगळे काय करतो?

तारेची निगा

वर पाहिलेल्या नियमातूनच निगेचे नियम निघतात.

१. वळणे कमी आणि सैल असावीत. आऊटर फार लांब ठेवले तर वाढीव गिरकी पडते, फार आखूड ठेवले तर हँडल वळवताना ते ओढले जाते.

२. आऊटर कापताना टोक चेपू नये. चेपलेले टोक आणि आत वळलेले अस्तर यांवर तार करवतीसारखी घासते. टोक कानशीने सपाट करून, अस्तराचे तोंड टाचणीने मोकळे करून मगच त्यावर टोपी बसवावी.

३. अस्तराच्या आऊटरमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरू नये. त्याला धूळ चिकटते आणि दोघांचा मिळून खरकागदासारखा लगदा होतो. पातळ तेलाचा थेंब पुरे.

४. मागच्या चाकाजवळची कमान जमिनीला सर्वांत जवळ असते आणि तिच्यातच सर्वांत मोठे वळण असते. धूळ आणि चिखल प्रथम तेथे शिरतो. साऱ्या तारेऐवजी आधी तेवढा तुकडा तपासावा. अनेकदा तो बदलताच गिअर सुधारतो.

५. तारेचा एखादा पदर तुटून बाहेर आला असेल तर तार लगेच बदलावी.

विचार करा

१. रवीला दोरीचे दोन वेढे आहेत. तिसरा वेढा दिला तर पकड वाढेल; मग दहा वेढे का देत नाहीत?

२. घर्षणांक ०.०५ आणि एकूण वळण ७२० अंश असेल, तर वर दिलेल्या आकड्यांवरूनच उत्तर कसे काढाल?

३. नावाडी होडीची दोरी खुंटाला तीन वेढे देऊन एका हाताने सहज धरतो. घर्षणांक ०.२० धरून त्याला होडीचा ओढ कितव्या हिश्श्यावर आणता येतो, ते शोधा. (सूचना : एका वेढ्याला ३.५१ पट. मग तीन वेढ्यांना किती?)